टोकनचे स्मार्ट काँट्रॅक्ट : चाचणी आधी, नोंदणी नंतर

मुळशी (प्रतिनिधी) : हिंजवडी-माण परिसरातील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे सॉफ्टवेअरची चाचणी म्हणजे काय, हे मुळशी तालुक्यात नव्याने सांगावे लागत नाही. चूक आढळली की दुरुस्त आवृत्ती काढायची, हा या व्यवसायातील रिवाज. आभासी चलनाच्या टोकनला मात्र ही सवलत सहसा मिळत नाही.

काँट्रॅक्ट म्हणजे काय?

टोकनचे स्मार्ट काँट्रॅक्ट ही ब्लॉकचेनवर ठेवलेली छोटी आज्ञावली असते. एकूण टोकन किती, कोणाच्या खात्यात किती आणि ती दुसऱ्याला कशी द्यायची, याचा हिशेब ती ठेवते. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमवर यासाठी ‘ईआरसी-२०’ हा नमुना रूढ झाला. तयार आज्ञावली शुल्क भरून साखळीवर नोंदवणे, यालाच ‘डिप्लॉय’ करणे म्हणतात. बदलाची सोय आधीच ठेवली नसेल, तर नोंदवलेली आज्ञावली पुन्हा बदलता येत नाही.

चाचणीचे टप्पे

पहिली चाचणी स्वतःच्या संगणकावर होते. शिल्लक रकमेपेक्षा अधिक टोकन पाठवून पाहणे, शून्य व कमाल रक्कम टाकणे, मालकाखेरीज इतरांना नवी टोकन काढता येतात का हे तपासणे, असे प्रयोग केले जातात. जो व्यवहार नाकारला जायला हवा, तो खरोखरच नाकारला जातो का, हा येथे कळीचा प्रश्न असतो.

दुसरा टप्पा सराव साखळीचा. तेथील चलन मोफत मिळते आणि त्याला बाजारात किंमत नसते. भारतीय अभियंत्यांनी २०१७ मध्ये ‘मॅटिक’ नावाने सुरू केलेल्या पॉलिगॉनच्या सराव साखळीचे नाव ‘मुंबई’ होते. एप्रिल २०२४ मध्ये ती बंद होऊन तिची जागा ‘अमॉय’ने घेतली. यानंतर त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी आणि मगच मुख्य साखळीवर नोंदणी, असा क्रम आहे.

एक गुणाकार महागात

चाचणीत त्रुटी राहिल्यास काय होते, हे एप्रिल २०१८ मध्ये ‘ब्यूटीचेन’ या टोकनने दाखवले. रक्कम आणि घेणाऱ्यांची संख्या यांचा गुणाकार साठवणुकीच्या मर्यादेबाहेर गेला आणि दुचाकीच्या मीटरप्रमाणे शून्यावर आला. पाठवणाऱ्याच्या खात्यातून काहीच वजा झाले नाही. घेणाऱ्यांच्या खात्यांत मात्र अफाट टोकन जमा झाली. सॉलिडिटी या भाषेच्या डिसेंबर २०२० मधील आवृत्तीपासून असा व्यवहार आपोआप रद्द होतो.

चाचणीची मर्यादा

हिशेब बिनचूक असला, तरी व्यवहार प्रामाणिक असतोच असे नाही. पुण्यातही गुन्हे दाखल झालेल्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात, सीबीआयने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, २०१७ मध्ये गुंतवणूकदारांना बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ हे योजनेचेच आभासी चलन देण्यात आले. त्याचे मोल बिटकॉइनच्या तुलनेत फारच कमी होते.

त्यामुळे टोकन घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नवी टोकन काढण्याचा अधिकार कोणाला आहे? व्यवहार गोठवण्याची कळ कोणाच्या हाती आहे? आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोन्हींची उत्तरे केवळ विक्रेत्याच्या शब्दावर मानावी लागतात.