भावाच्या रेषेचे रंग आणि नावे: इंडिकेटर स्क्रिप्टमागचा इतिहास

आलेखातल्या रेषेला रंग देण्याची आणि तिचे नाव तिच्यावरच लिहिण्याची पद्धत संगणकाहून कितीतरी जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने 1786 साली लंडनमध्ये ‘कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस’ प्रसिद्ध केला आणि इंग्लंडच्या परदेशी व्यापाराचे आकडे रेषांच्या रूपात मांडले. त्यातले आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आणि मग हाताने रंगवलेले होते. डेन्मार्क आणि नॉर्वेशी 1700 ते 1780 या काळात झालेल्या व्यापाराच्या आलेखात आयातीची रेषा पिवळी आणि निर्यातीची तांबडी आहे. कोणती रेषा कशाची हे बाजूच्या चौकटीत शोधावे लागत नाही, कारण नाव रेषेलगतच कोरलेले आहे. दोन रेषांमधली जागाही रंगवलेली आहे. व्यापारात तूट होती तोवर तिथे एक रंग दिसतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर रेषा एकमेकींना छेदतात आणि तिथून पुढे दुसरा रंग सुरू होतो. शेअर बाजारात भावावरून रेषा काढणाऱ्या इंडिकेटर स्क्रिप्ट आज जे करतात, त्यातले बरेचसे या एका पानावर सापडते.

जपानमध्ये भावाचे चढ-उतार ओळखता येण्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. ओसाकातल्या दोजिमा तांदूळ बाजाराला शोगुन तोकुगावा योशिमुने याने 1730 साली अधिकृत मान्यता दिली आणि तिथे तांदळाचे वायद्याचे सौदे रीतसर होऊ लागले. कँडलस्टिक आलेखाचे श्रेय परंपरेने साकाता गावचे तांदूळ व्यापारी होम्मा मुनेहिसा (1724–1803) यांना दिले जाते. मात्र ही पद्धत पाश्चात्त्य वाचकांपर्यंत नेणारे स्टीव्ह निसन यांच्या मते तिला आजचे रूप बहुधा मेइजी काळाच्या सुरुवातीला आले असावे. ते पटण्याजोगे आहे. चढत्या भावाची कँडल ‘योसेन’ आणि उतरत्या भावाची ‘इनसेन’ ही नावे यिन-यांगच्या कल्पनेतून आली. छपाईला एकच काळी शाई असे, म्हणून चढती कँडल पोकळ आणि उतरती भरीव काढायची रीत पडली. रंग हाताशी आला तेव्हा जपानने तेजीसाठी लाल रंग घेतला. चीन आणि कोरियाच्या बाजारांतही लाल म्हणजे तेजीच.

पाश्चात्त्य बाजारांत याच्या नेमके उलट आहे. तिथे हिशेबाच्या वहीत लाल शाई तोट्याची, म्हणून भाव पडला की लाल आणि चढला की हिरवा. मुंबईच्या बाजारानेही हाच संकेत उचलला. त्यामुळे टोकियोच्या पडद्यावरचा लाल आकडा पाहून जपानी गुंतवणूकदार खूश होतो आणि तोच लाल दलाल स्ट्रीटवर धास्ती लावतो. निसन यांचे कँडलस्टिकवरील इंग्रजी पुस्तक 1991 साली आले आणि ही पद्धत जगभर पसरली, पण जपानी रंगसंकेत तिच्याबरोबर प्रवासाला निघाला नाही. रंगाचा अर्थ जागेवर ठरतो, ही गोष्ट पुढे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना फार उपयोगी पडली.

विसाव्या शतकाचा बराच काळ आलेख काढण्याचे काम ग्राफपेपर, पट्टी आणि पेन्सिलीने चाले. वेल्स वाइल्डर यांनी 1978 साली आरएसआय, एटीआर, पॅराबोलिक एसएआर हे इंडिकेटर एकाच पुस्तकात मांडले, तेव्हा त्यांची आकडेमोड रोज कागदी तक्त्यावर करता येईल अशीच बेतलेली होती. आरएसआयच्या 70 आणि 30 या पातळ्या वाचकाने स्वतः आखायच्या. त्याआधी 1969 साली जपानी पत्रकार गोइची होसोदा यांनी इचिमोकू पद्धत प्रसिद्ध केली होती. तिच्यात दोन रेषांमधला भाग ‘ढग’ म्हणून भरला जातो. हाताने काढताना हे सगळे निर्णय, म्हणजे कुठला रंग, किती गडद, नाव कुठे लिहायचे, आलेख काढणाराच घेत असे. आलेख त्याचा आणि रंगही त्याचाच.

संगणकाने हे स्वातंत्र्य आधी काढून घेतले. आयबीएमच्या 1981 सालच्या रंगीत ग्राफिक्स कार्डावर चित्राच्या पडद्यात एका वेळी चारच रंग दिसत, आणि तेही ठरावीक संचांतून निवडायचे. 1980च्या दशकात आलेख काढणारी सॉफ्टवेअर घरगुती संगणकावर आली. मेटास्टॉक 1985 साली बाजारात आले आणि त्यात वापरणाऱ्याला स्वतःचे सूत्र लिहिता येऊ लागले. ओमेगा रिसर्चने 1991 साली ट्रेडस्टेशन आणि त्याबरोबर ईझीलँग्वेज ही भाषा आणली. तिच्या ‘प्लॉट’ आज्ञेत आकड्यापाठोपाठ रेषेचे नाव अवतरणचिन्हांत देता येते, आणि नंतरच्या आवृत्त्यांत रंगही. आकडा, नाव आणि रंग अशा रीतीने एका ओळीत आले आणि रंग हा हिशेबाचाच एक भाग झाला. त्याआधी तो हिशेबानंतरची सजावट होता.

भारतात हे वारे पोचायला पडद्यावरचे व्यवहार सुरू व्हावे लागले. राष्ट्रीय शेअर बाजारात नोव्हेंबर 1994 मध्ये शेअरांचे संगणकी व्यवहार सुरू झाले आणि 1995 साली मुंबई शेअर बाजाराने ‘बोल्ट’ ही यंत्रणा आणली. पुढच्या दशकांत इथल्या ट्रेडरांमध्ये ॲमीब्रोकर फार लोकप्रिय झाले. पोलंडचे तोमाश यानेचको यांनी 1995 साली अमिगा संगणकासाठी ते पहिल्यांदा लिहिले. त्याच्या एएफएल भाषेत सुरुवातीला ‘ग्राफ शून्य’ या नावाच्या चलात किंमत ठेवायची आणि ‘ग्राफ शून्य कलर’मध्ये रंगाचा क्रमांक. पुढे ‘प्लॉट’ आज्ञा आली. तिच्यात किंमत, नाव, रंग आणि रेषेचा प्रकार एकापाठोपाठ लिहितात. रंगाच्या जागी अटही लिहिता येते: बंद भाव सुरुवातीच्या भावाहून वर असेल तर हिरवा, नाहीतर लाल. शिवाय ‘पॅरामकलर’ने तो रंग वापरणाऱ्याला खिडकीतून बदलता येतो. स्क्रिप्ट उघडून आत हात घालावा लागत नाही. ही सोय छोटी वाटते, पण ती मोलाची आहे. ग्राफपेपरवाल्याकडचे स्वातंत्र्य तिने परत मिळवून दिले.

मेटाट्रेडर 4 मात्र याबाबतीत बराच काळ मागे होता. मेटाकोट्सचे हे सॉफ्टवेअर 2005 साली आले. त्यात एका रेषेला एकच रंग मिळे. मूव्हिंग ॲव्हरेज चढताना हिरवा आणि उतरताना लाल दाखवायचा, तर एकाच रेषेसाठी दोन बफर ठेवावे लागत. चढणीचे आकडे पहिल्या बफरमध्ये, उतरणीचे दुसऱ्यात, आणि उरलेल्या जागी ‘रिकामी किंमत’. खरी मेख वळणावर होती. जिथे रंग बदलतो तिथल्या कँडलची किंमत दोन्ही बफरमध्ये भरली नाही, तर रेषा तिथेच तुटायची आणि आलेखावर बारीक फट दिसायची. एका इंडिकेटरला आठच बफर मिळत, त्यामुळे रंगांची हौस पटकन संपायची. 2010 साली आलेल्या मेटाट्रेडर 5 मध्ये रंगाचा वेगळा बफर मिळाला. किंमत एका ठिकाणी, रंगाचा क्रमांक दुसऱ्या ठिकाणी, आणि रेषा अखंड. मेटाट्रेडर 4 मधली आठ बफरची मर्यादा 2014 साली गेली. त्याच बदलात त्याची अक्षरव्यवस्था युनिकोड झाली.

ट्रेडिंगव्ह्यू 2011 साली सुरू झाले आणि दोन वर्षांनी त्याची पाइन स्क्रिप्ट भाषा आली. ती ब्राउझरमध्ये चालते आणि शिकायला सोपी आहे, त्यामुळे इंडिकेटर लिहिणे प्रोग्रामरांपुरते उरले नाही. लेबलांचा प्रश्न इथे दोन टप्प्यांत सुटला. सुरुवातीच्या ‘प्लॉटशेप’ आज्ञेने कँडलखाली बाण आणि त्यावर ‘खरेदी’ असा शब्द टाकता येई, पण तो शब्द स्क्रिप्ट लिहितानाच ठरवावा लागे. त्या दिवशीचा भाव त्यात छापता येत नसे. 2019 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत ‘लेबल डॉट न्यू’ मिळाले. आता लेबलमध्ये बदलता मजकूर येतो: तो भाव, त्या वेळचा आरएसआय, हवे तर दोन्ही. लेबलाचा आणि त्यातल्या अक्षरांचा रंग वेगवेगळा ठेवता येतो. पण एका स्क्रिप्टला जास्तीत जास्त सुमारे पाचशे लेबले मिळतात आणि न सांगता फक्त शेवटची पन्नासेक दिसतात. जुनी लेबले गायब झाली म्हणून स्क्रिप्ट बिघडली असे अनेकांना वाटते, आणि कारण बहुतेक वेळा इतकेच असते.

रंगातही असाच एक बारकावा आहे. स्क्रिप्टमध्ये रंग ठाम लिहिला, किंवा अटीने ठाम रंगांतून निवडला, तर सेटिंगच्या ‘स्टाइल’ पानावर तो बदलण्याची चौकट आपोआप येते. पण रंग चालत्या हिशेबातून काढला, उदाहरणार्थ आरएसआय वाढेल तसा गडद होणारा, तर ती चौकट नाहीशी होते. मग लेखकाने ‘इनपुट डॉट कलर’ स्वतः लिहून रंगाचा पर्याय वाचकाच्या हाती द्यावा लागतो. बरेच जण तो देत नाहीत, आणि ही उणीव खरोखर खटकते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे 8 टक्के लोकांना लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. भारतीय पुरुषांमध्येही हा दोष कमी प्रमाणात का होईना, आढळतो. त्यांच्यासाठी लाल-हिरव्या जोडीऐवजी निळा-नारिंगी जोडी जास्त स्पष्ट असते, आणि मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेला रंगसंच वैज्ञानिक आलेखांत आज सर्रास वापरला जातो.

म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तेजीचा आणि मंदीचा असे निदान दोन रंग सेटिंगमध्ये ठेवावेत आणि त्यांना नीट नावे द्यावीत. ती नावे मराठीत ठेवायलाही काही अडचण नाही. पाइनमध्ये चलांची नावे रोमन लिपीत लिहावी लागतात, पण अवतरणचिन्हांतला मजकूर देवनागरीत चालतो. सेटिंगमध्ये ‘तेजीचा रंग’ आणि ‘मंदीचा रंग’ असे लिहिले, तर ते तसेच दिसते.