साबणातली चरबी : गुण आणि कुळ

दाढीच्या साबणाचा इतिहास लिहिताना सामान्यतः वस्तऱ्याचा, ब्रशाचा किंवा १९०४ साली जिलेटला मिळालेल्या सुरक्षित रेझरच्या पेटंटचा विचार केला जातो. साबणाच्या पोटात काय असते, हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक साबणाचा इतिहास हा बव्हंशी चरबीचाच इतिहास आहे. कोणत्या प्राण्याची चरबी चांगली, हा प्रश्न या इतिहासात दोन वेगवेगळ्या अर्थांनी विचारला गेला आहे. एकाचा संबंध गुणाशी आहे, दुसऱ्याचा कुळाशी. या दोहोंची गल्लत कशी होते आणि त्यांची फारकत कोणी केली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

चरबींची तुलना करणारी एक फार जुनी नोंद प्लिनी या रोमन लेखकाची, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. गॉल लोक केस तांबूस करण्यासाठी चरबी आणि राख यांपासून 'सापो' नावाचा पदार्थ करतात, आणि त्यात बकऱ्याची चरबी व बीच वृक्षाची राख सर्वांत उत्तम, असे तो नोंदवतो. लॅटिन 'सापो', अरबी 'साबून', पोर्तुगीज 'साबाँव' आणि आपला 'साबण' ही एकाच शब्दकुळातली भावंडे होत. गंमत अशी की, आपल्या रिठ्याला वनस्पतिशास्त्राने दिलेल्या 'सॅपिंडस' या नावाचा अर्थही 'भारतीय साबण' असाच होतो. ज्या फळाला चरबीचा स्पर्श नाही, त्याच्या नावातही हा चरबीचा 'सापो' येऊन बसला आहे.

युरोपात पुढे भूगोलाने साबणाची विभागणी केली. दक्षिणेत ऑलिव्ह मुबलक, म्हणून तिथला साबण तेलाचा. उत्तरेत गुरे आणि मेंढ्या, म्हणून तिथला साबण चरबीचा. चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८८ साली निघालेल्या आदेशाने मार्सेयच्या साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज दुसरा स्निग्ध पदार्थ वापरण्यास मनाई केली. या मनाईमागे प्राण्यांविषयीची करुणा नव्हती. मालाचा दर्जा आणि नाव राखणे हा हेतू होता. इंग्लंडमध्ये मात्र चरबीचाच साबण रूढ राहिला आणि त्यासाठी रशियातूनही चरबी आयात होत असे.

चरबीचे कोडे सोडवले ते मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. डुकराच्या चरबीपासून केलेल्या पोटॅशच्या मऊ साबणाचा अभ्यास करताना त्याला त्यात मोत्यासारखे चमकणारे स्फटिक आढळले. त्या धाग्यावरून पुढे जात त्याने मेंढी, बैल, हंस, जग्वार, एवढेच नव्हे तर माणूस, अशा नाना प्राण्यांच्या चरबी तपासल्या. १८२३ सालच्या त्याच्या ग्रंथाने दाखवले की, चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि काही मेदाम्ले यांचा संयोग. प्राणी बदलला की मुख्यतः या अम्लांचे प्रमाण बदलते. त्यांपैकी एकाला त्याने 'स्टिअरिक' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'स्टिअर' म्हणजे चरबी.

दाढीच्या साबणाला हेच अम्ल हवे असते. अंगाच्या साबणाचा फेस क्षणभर टिकला तरी चालतो. दाढीचा फेस मात्र दाट, ओला आणि वस्तरा फिरेपर्यंत टिकणारा असावा लागतो. ती दाटी स्टिअरिक व पामिटिक अम्लांकडून येते. गाईबैलांच्या चरबीत स्टिअरिक साधारण २० टक्के असते. मेंढीच्या चरबीत बहुधा त्याहून अधिक, म्हणून ती अधिक घट्ट. डुकराच्या चरबीत ते १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असते आणि ओलिक अम्लाचा भाग मोठा, म्हणून ती मऊ. हंसाच्या चरबीत ओलिक निम्म्याहून अधिक आणि स्टिअरिक अगदी थोडे. एकट्या तिच्यावर दाढीचा साबण उभा राहणार नाही. मेंढीच्या लोकरीतले लॅनोलिन याच पंक्तीत बसवले जाते, परंतु रसायनदृष्ट्या ते मेण आहे. साबणात ते फेसासाठी नव्हे, कातडी मऊ राहावी म्हणून घालतात. खोबरेल तेलाचा फेस झटकन येतो, पण विरळ असतो आणि त्याचे प्रमाण वाढले की कातडी कोरडी पडते. म्हणून चरबीला थोड्या खोबरेलाची जोड, आणि सोड्याबरोबर पोटॅशचा क्षार, असे दाढीच्या साबणाचे परंपरागत गणित आहे. पोटॅशमुळे साबण पाण्यात लवकर विरघळतो आणि फेस लवचिक होतो.

इथपर्यंत झाली गुणाची कथा. हिंदुस्थानात मात्र हा प्रश्न कुळाचा होता. १८५७ साली एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याच्या बोलवेने काय घडले, ते सांगायला नको. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांचा विषय येतो. शिपायांच्या लेखी त्या चरबीत स्टिअरिक किती, हा प्रश्नच नव्हता. ती कोणाची, एवढाच होता. स्वदेशीच्या काळात अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत प्राण्यांची चरबी टाळून वनस्पती तेलांपासून साबण केला आणि १९१८ साली 'चावी' साबण बाजारात आला, तो याच भावनेची दखल घेऊन. असा साबण जगात प्रथमच झाला, असे पुष्कळदा लिहिले जाते. मार्सेयचा १६८८ चा आदेश लक्षात घेता ते विधान जपून करावे. गोदरेज यांचे वेगळेपण पदार्थात कमी आणि हेतूत अधिक आहे. मार्सेयने चरबी नाकारली ती दर्जासाठी, मुंबईने नाकारली ती श्रद्धेसाठी. १९८३ साली वनस्पती तुपातील चरबीच्या भेसळीचे प्रकरण गाजले, तेव्हा ही भावना किती जागी आहे, हे पुन्हा दिसले.

दरम्यान रसायनशास्त्र पुढे गेले होते. विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ साली तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट मिळवले. द्रव तेलातील ओलिक अम्लाचे स्टिअरिक होऊ लागले. आता स्टिअरिक अम्ल बैलाचे की पामचे, हे त्या रेणूकडे पाहून सांगता येत नाही. रेणूला कुळ नसते.

मग कुळाचा प्रश्न निरर्थक ठरला काय? तसे मला वाटत नाही. रेणूला पूर्वज आठवत नसले, तरी वस्तूला इतिहास असतोच. प्राण्याची हत्या रेणूत नसते, ती व्यवहारात असते. हाच न्याय पाम तेलालाही लागू आहे; त्याच्या मळ्यांसाठी आग्नेय आशियात तुटलेली जंगले फेसात दिसत नाहीत. म्हणजे 'शुद्ध' म्हणून आपण जे कुळ निवडले, त्याचीही चौकशी करणे आलेच. गुणाची परीक्षा प्रयोगशाळेत होते, कुळाची मात्र इतिहासातच करावी लागते. पहिली पुरी झाली म्हणून दुसरी टाळता येत नाही, आणि दुसरीच्या आवेशात पहिली नाकारताही येत नाही.

आजही वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या दाढीच्या साबणाच्या वेष्टनावर 'पोटॅशियम स्टिअरेट' असे छापलेले आढळते. चरबी गेली, तिचे ग्रीक नाव तेवढे मागे उरले.