पंचनाम्यात न सापडलेली पिसू

आमच्या मोतीला पिसवा झाल्या, ही बातमी घरात सर्वांत शेवटी मला कळली. बँकेतल्या माणसाला सर्क्युलर निघाल्याशिवाय काही कळत नाही. सौभाग्यवतींनी पायावरचे लाल ठिपके दाखवले आणि लगोलग निकालही दिला, "शेवंताचा पोरगा दिवसभर त्या कुत्र्याशी लोळतो. त्याच्याच अंगावरून आल्या असतील!" शेवंता आमच्याकडे भांडी घासते. मी मान डोलावली. लग्नानंतर ही सवय लागते.

मग मोहीम निघाली. वैनगंगेला पूर यावा तसं अंगण धुतलं. कडूनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं मोतीला न्हाऊ घातलं. शेवंताच्या पोराला दाराबाहेर थांबायचा हुकूम झाला. तो पायरीवर बसून मोतीकडे पाही, मोती त्याच्याकडे. आठ दिवसांनी पिसवा पुन्हा हजर!

अशीच एक मोहीम आपल्या मुलखात पूर्वी निघाली होती. फक्त ती सरकारी होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लवकरच तो पुण्यात पोचला. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्याला रँडसाहेब आले. दोष घाणीचा, दाट वस्तीचा, पर्यायानं त्यात राहणाऱ्या माणसांचा, असं साहेबाचं मत. गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले, बायामाणसांची तपासणी झाली, सामानाच्या होळ्या झाल्या, भिंतींवर कार्बोलिक शिंपडलं गेलं. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. एवढी झडती, एवढा अपमान, एवढं रक्त. आणि खरा आरोपी एकाही पंचनाम्यात नाही!

तो सापडला कराचीत. पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं २ जून १८९८ रोजी प्लेगनं आजारी असलेला एक उंदीर बरणीत ठेवला. त्याच्या अंगावरच्या पिसवा कमी पडतील म्हणून हॉटेलात हिंडणाऱ्या मांजरीकडून आणखी काही उसन्या घेतल्या. (विनातारण कर्जाचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.) जवळच जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं. मधे उडी मारू शकत होती ती फक्त पिसू. काही दिवसांत धडधाकट उंदीरही प्लेगनं मेला. डॉक्टर मंडळींनी सिमाँला हसण्यावारी नेलं. पुढं मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांवर प्रयोग झाले, तेव्हा कुठं त्याचं म्हणणं मान्य झालं. तोवर लाखो माणसं गेली होती.

उंदरावरच्या त्या पिसवेचं शास्त्रीय बारसं १९०३ साली चार्ल्स रॉथशिल्ड यांनी केलं. इजिप्तच्या एका फॅरोचं नाव तिला दिलं. हे गृहस्थ लंडनच्या प्रसिद्ध पेढीच्या घराण्यातले. दिवसा बँकेत काम करायचे आणि उरल्या वेळात पिसवा जमवायचे! मी टेबलावर एक पिसू ठेवून पाहावी, मॅनेजर लगेच मेमो देतील.

शेवटी मोतीला घेऊन मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "घाबरू नका, ही प्लेगवाली नव्हे. कुत्र्यावर सहसा मांजराची पिसू असते. पण अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी अंगावरून गळून खाली पडतात. अळ्या बिछान्यात, फरशीच्या फटीत वाढतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने दम धरते आणि ऊब, पावलांची चाहूल लागली की बाहेर येते. मोती झोपतो कुठं?"

मी गप्प. मोती दुपारी माझ्याच दिवाणाखाली, जुन्या गोधडीवर झोपतो. परवानगी माझी. सौभाग्यवतींना याची कल्पना नव्हती.

मग डॉक्टरांनी दिलेलं औषध मोतीच्या मानेवर पडलं. (कुत्र्याचं औषध मांजरीला देऊ नका, असंही त्यांनी बजावलं, मांजरीच्या जिवावर बेततं.) गोधडी उकळत्या पाण्यात गेली. फटी रोज झाडायच्या आणि कचरा लगेच बाहेर टाकायचा, असं काही आठवडे नेमानं चाललं. हळूहळू पिसवांनी खातं बंद केलं.

त्याआधीच एका सकाळी मी शेवंताच्या पोराला आत बोलावलं होतं. माफी कशी मागायची हे बँकेच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, म्हणून बारीक दातांची फणी त्याच्या हातात दिली. त्यानं मोतीच्या पाठीवरून ती फिरवली, एक पिसू पकडली, साबणाच्या पाण्यात बुडवली आणि विचारलं, "काकाजी, ही आली कुठून?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"आमच्याच घरातून रे," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो.