गंगाळ आणि बाकाबाई

आमच्या घरात तीन गुंड होते. घाबरू नका, पितळेचे होते! नागपूरकडे पाणी भरायच्या भांड्याला गुंड म्हणतात. शिवाय तांब्याचं एक गंगाळ, सागवानी आलमारी, चारपैकी तीनच पायांवर भरवसा ठेवावा असा पलंग आणि वडिलांनी आयुष्यभर जमवलेली, किल्ल्या हरवलेली कुलपं. महालातलं हे वडिलोपार्जित घर विकायचं ठरलं आणि सामानाची वासलात लावायचं काम सर्वानुमते माझ्याकडे आलं. कारण काय, तर मी बँकेत आहे. बँकेतल्या कारकुनाला दुसऱ्याचा पैसा मोजता येतो, म्हणजे घरातलं गंगाळही विकता येत असणार, असा नातेवाइकांचा समज.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. रीतसर यादी केली. वस्तू, खरेदीचं वर्ष, मूळ किंमत, घसारा. दरसाल दहा टक्के घसारा धरल्यावर असं दिसलं की आलमारीची किंमत माझ्या जन्माआधीच शून्य झाली होती. त्या शून्यात आईनं चाळीस वर्षं आमचे कपडे ठेवले, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मात्र कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

कबाडीवाल्याची पद्धत माझ्यापेक्षा सोपी. त्यानं काटा आणला आणि म्हणाला, "भाऊ, याच्यात काही दम नाही जी. वजनावर जाईल." तिन्ही गुंड निमूटपणे गेले. मग त्याचा हात गंगाळाकडे वळला आणि दारात उभी असलेली आई कडाडली, "हात लावून तर पाहा! घराला काडी लावीन!"

कबाडीवाला दोन पावलं मागे सरला. मी चार सरलो. आणि मला वाटलं, हे वाक्य याच महालात यापूर्वी एकदा बोललं गेलं आहे.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीनं १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. इथपर्यंतचा इतिहास आम्हांला शाळेत पाच मार्कांना होता. राज्य गेल्यावर घरातलं सामान निघालं, तो भाग मार्कांना नव्हता. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात काढले गेले आणि मातीमोल भावानं गेले. वाड्यातलं सामान हलवायची वेळ आली, तेव्हा रघूजींच्या आजी, वृद्ध बाकाबाई, यांनी बजावलं, सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन! पण सामान हललंच. जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झालं आणि १८५५ मध्ये हॅमिल्टन कंपनीमार्फत विक्रीला निघालं.

आता यातली कारकुनी ऐका. आलेल्या पैशाचा 'भोसला फंड' करावा आणि तो भोसले घराण्याच्याच उपयोगी पडावा, असं डलहौसीचं म्हणणं. म्हणजे खातेदाराची सही नाही, पैसे काढायची स्लिप नाही. दागिने परस्पर विकून रक्कम त्याच्याच भल्यासाठी जमा! आमच्या शाखेत कुणी असं केलं तर दुपारच्या चहाआधी त्याची चौकशी लागेल.

पण फार हसायचा अधिकार मलाही नाही. आमच्या बँकेतही तारण सोन्याचे लिलाव होतात. नोटीस, मुदत, वजन, सगळं कायदेशीर. एका लिलावाला एक बाई आल्या होत्या. "घ्यायचं काही नाही," म्हणाल्या, "माझ्या पाटल्या कोण घेतं तेवढं पाहून जाते." मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लिलावाच्या यादीतला पुढचा नंबर पुकारला. तो त्यांचाच होता. त्या दिवशी माझी रोकड पैशापर्यंत जुळली आणि तरीही काहीतरी चुकल्यासारखं वाटत घरी गेलो.

आई काडी लावायच्या गोष्टी करत होती, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या यादीत सगळे रकाने होते, फक्त मालकाच्या सहीचा नव्हता. मी आईला विचारलंच नव्हतं. डलहौसीनंही बाकाबाईंना विचारलं नव्हतं. फरक एवढाच, की त्याच्याकडे फौज होती आणि माझ्याकडे कबाडीवाला.

पुढच्या रविवारी मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "आई, गंगाळाचं काय करायचं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काय करणार? तुमच्या फ्लॅटात मला ठेवायला जागा काढली हेच पुष्कळ. गंगाळ कुठे ठेवाल? पण ते माझ्या माहेरून आलेलं आहे. मीच विकीन."

आणि तिनं विकलं! काटा दोनदा तपासला, "बोट काढ तिथलं," असं कबाडीवाल्याला सुनावलं आणि अर्धा तास घासाघीस करून मला कबूल केलेल्या भावापेक्षा किलोमागे ४० रुपये जास्त घेतले. "माय, बँकेत तुम्ही पायजे होत्या," कबाडीवाला म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, हे विशेष.

आईनं नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या. "माझ्या खात्यात भर. काढायच्या वेळी सही मी करीन."

भोसल्यांचा तो वाडा पुढे १८६४ मध्ये खरोखरच जळाला. बाकाबाई त्याआधीच, १८५८ मध्ये वारल्या होत्या. आज उरला आहे तो नगारखाना. गंगाळ घेऊन कबाडीवाल्याचा ठेला त्याच दिशेनं निघाला. गल्लीच्या वळणावर तो पोचला तशी आई एकदम म्हणाली, "अरे, धाव! त्याला म्हणावं, पालथं घाल. पोचे पडतील."

भंगारात चाललेल्या गंगाळाला पोचे पडू नयेत म्हणून मी धावलो.