मौनाचे दोन अर्थ : जर्मनव्याप्त पॅरिसमधील दैनंदिन जीवन

१४ जून १९४० रोजी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले आणि शहरातील घड्याळे बर्लिनच्या वेळेनुसार एक तास पुढे करण्यात आली. परकीय सत्ता अशी थेट दिनक्रमात उतरली. पुढे शिधापत्रिका आल्या, पाव-लोण्यासाठी रांगा लागल्या, एरवी गुरांना घातले जाणारे कंद माणसांच्या ताटात आले. पेट्रोलअभावी सायकलींनी ओढल्या जाणाऱ्या टॅक्सी रस्त्यांवर दिसू लागल्या. संचारबंदीमुळे रात्रीचे जीवन अखेरच्या मेट्रोच्या वेळेशी बांधले गेले. दिनक्रमाचे रूप घेतलेली दडपशाही अंगवळणी पडते. तिचे खरे सामर्थ्य येथेच असते.

या काळाच्या वाङ्मयीन आकलनात 'मौन' ही संकल्पना मध्यवर्ती ठरली आहे. व्हेर्कोर या टोपणनावाने लिहिलेली 'समुद्राचे मौन' ही दीर्घकथा १९४२ मध्ये गुप्तपणे छापली गेली. घरात मुक्कामाला आलेल्या जर्मन अधिकाऱ्याशी बोलण्याचे एक वयस्क गृहस्थ आणि त्याची पुतणी नाकारतात. झां गेएनो या अध्यापक-लेखकाने व्याप्त काळात उघडपणे काहीही प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. त्याची रोजनिशी १९४७ मध्ये प्रकाशित झाली. दोन्हीकडे मौन म्हणजे प्रतिकार होय.

परंतु हा अर्थ सार्वत्रिक मानता येत नाही. जून १९४२ पासून ज्यूंना पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले आणि मेट्रोचा केवळ शेवटचा डबा त्यांना मोकळा राहिला. सोरबोनची विद्यार्थिनी एलेन बेर हिच्या रोजनिशीत हा अनुभव नोंदलेला आहे. इतर डब्यांतील प्रवास मात्र नेहमीप्रमाणे चालू राहिला. १६ व १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी सुमारे १३,००० ज्यूंना पकडले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. त्यांना नेण्यासाठी शहराच्याच बसगाड्या वापरल्या गेल्या. बेर १९४५ मध्ये बेर्गन-बेल्सनच्या छावणीत मरण पावली.

फ्रेंच राज्यसंस्थेची जबाबदारी राष्ट्राध्यक्षांनी १९९५ मध्ये मान्य केली. बेरची रोजनिशी २००८ मध्ये प्रकाशित झाली. गेएनोची रोजनिशी मौन पाळणाऱ्याची आहे, बेरची मौनाने वेढलेल्या व्यक्तीची. पहिलीच वाचून जो इतिहास रचला गेला, त्यात प्रतिकार आणि मूकसंमती यांतील सीमारेषा पुसट झाली. मौन कोणी पाळले, एवढेच विचारणे म्हणूनच अपुरे ठरते; ते कोणासमोर पाळले गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न समीक्षेला टाळता येणार नाहीत.