अर्धा गुण

मी बारा वर्षांचा असताना राहुरीजवळच्या आमच्या शेतात काकांनी मला ट्रॅक्टर शिकवला. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सायकल मला तिनेच शिकवलेली. पण तिला कुणी ट्रॅक्टर शिकवला नाही. ‘मुलीने चालवायचा नाही’ असंही कुणी म्हटलं नाही. विषयच निघाला नाही.

फॉर्म्युला वनचा इतिहास वाचताना मला हे आठवलं. बाईने शर्यतीत उतरू नये, असं तिथल्या नियमांत लिहिलेलं नाही. तरी १९५० पासून आजवर जागतिक स्पर्धेच्या शर्यतीसाठी नाव नोंदवलेल्या बायका पाच, आणि प्रत्यक्ष शर्यतीत धावलेल्या फक्त दोन. दोघी इटलीच्या. मारिया तेरेसा दे फिलिपिस १९५८ साली बेल्जियममध्ये दहावी आली. लेला लोंबार्डी १९७५ साली बार्सिलोनात सहावी आली. भीषण अपघातामुळे ती शर्यत अर्ध्यात थांबवली, म्हणून गुणही निम्मेच दिले. सहाव्या नंबरचा एक गुण, त्याचा अर्धा झाला. या स्पर्धेत बायकांच्या नावावर आजही तेवढाच अर्धा गुण आहे. १९७६ नंतर तर एकही बाई शर्यतीत धावलेली नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले निकाल चुकला की आधी कोड तपासतो. कोडमध्ये काही सापडलं नाही, तर इनपुट बघतो. रेसिंगची सुरुवात सात-आठव्या वर्षी गो-कार्टपासून होते. टायर, इंजिन, मेकॅनिक, प्रवास, सगळा खर्च घरचा. एवढा पैसा कुठल्या लेकरावर लावायचा, हे ट्रॅकवर नाही, घरात ठरतं.

म्हणून २०१९ साली फक्त मुलींसाठी डब्ल्यू सिरीज निघाली. चालकांना खर्च नव्हता. २०२२ मध्ये पैसे संपले आणि हंगाम अर्ध्यावर बंद पडला. २०२३ पासून एफ वन अकॅडमी सुरू झाली. पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनच्या दहाही संघांनी तिथे एकेका मुलीला पाठबळ दिलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पुण्याची डायना पुंडोले शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे. २०१८ साली खास बायकांसाठी घेतलेल्या निवड चाचणीतून ती रेसिंगमध्ये आली. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तिने सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. असं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. वेगळी चाचणी म्हणजे बायकांना सवलत, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: चाचणीने तिला फक्त आत घेतलं. ट्रॅकवर तिला कुणी सेकंद माफ केले नाहीत.

ताई मागच्या वर्षी कार शिकली, एकतिसाव्या वर्षी. परवा नगरहून गावी येताना विळद घाटात तीच गाडी चालवत होती. मधेच म्हणाली, “काका तुला ट्रॅक्टर शिकवत होते, तेव्हा मी कुठे होते रे?”

मला चांगलं आठवतं. ती आमच्या दोघांच्या भाकरी घेऊन बांधावर उभी होती.