ऐकू न येणाऱ्या सुरांची किंमत

४४,१०० हा आकडा आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांतून रोज जातो. कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे दर सेकंदाला एवढे नमुने नोंदलेले असतात. माणसाच्या कानाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी तो नेमका ठरवला असेल, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होऊ शकली असती. पण या आकड्याचा खरा उगम व्हिडिओ टेपमध्ये आहे. १९७०च्या दशकात अंकांच्या रूपातला ध्वनी साठवायला पुरेशी मोठी आणि परवडणारी जागा व्हिडिओ टेपवरच होती. तेव्हा ध्वनीचे अंक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चित्रात बदलून टेपवर उतरवत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रे, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ नमुने, गुणाकार ४४,१००. युरोपातल्या पद्धतीत ५० अर्धचित्रे, २९४ रेषा, ३ नमुने. गुणाकार पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे जुळणारा आकडा म्हणून तो राहिला, आणि १९८२च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या बाजारात पहिला सीडी प्लेयर आला तेव्हा त्याच्यासोबत घरोघरी गेला.

हे सगळे शोधण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. ‘हाय-रेझोल्यूशन’ ध्वनी वाजवणारे, खिशात मावणारे एक यंत्र घ्यावे की नाही, हे मला ठरवायचे होते. मी पाहिलेल्या यंत्राची किंमत पंचावन्न हजार रुपये. विक्रेत्याचे म्हणणे असे, की सीडीतला ध्वनी ‘कापलेला’ असतो आणि या यंत्रातला ‘पूर्ण’. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. ध्वनीविषयी जे काही कळते ते जुन्या पुस्तकांतून आणि रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या बाकावर बसून कळले आहे. पण पंचावन्न हजार द्यायचे तर ‘कापलेला’ म्हणजे किती आणि कोणी कापला, हे विचारण्याचा हक्क वाणिज्य पदवीधरालाही असतो.

कापण्याची गोष्ट सीडीच्या फार आधी सुरू होते. फ्रेड गायसबर्ग नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित करत होता, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई मेणात चर कोरायची. साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही त्या चरात उतरत नसे. माणसाला तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकू येते हे लक्षात घेतले, म्हणजे किती गाळले गेले ते कळेल. शिवाय वेळ तीन मिनिटांच्या आसपास. गाण्याच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव मोठ्याने सांगत, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना कोण कोणाचे गाणे हे ओळखायचे असे. १९२५मध्ये विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि ही मर्यादा एकदम पाच हजारांच्या पुढे सरकली. एका झटक्यात झालेली एवढी मोठी सुधारणा ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात त्यानंतर झाली नाही, असे माझे मत आहे.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरच्या काळातल्या तबकड्या विजेवरच्या काळातल्या. मिरज हे त्यांचे गाव, आणि तंबोऱ्यांचेही. त्या तबकड्यांत तंबोऱ्याची जवारी अर्धीमुर्धीच उतरली आहे. वरचे स्वरांश लाखेच्या खरखरीखाली गेले आहेत. ‘पिया बिन’ची ठुमरी ऐकताना ज्यांचे डोळे भरून आले, त्यांनी ती या अर्ध्यामुर्ध्या ध्वनीतच ऐकली. अल्लादिया खाँसाहेबांच्या बाबतीत तर अर्धेमुर्धेही नाही. त्यांनी आपला आवाज तबकडीला दिलाच नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी दिला, तोही मोजकाच. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. ती तबकडी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची. योगायोग असा, की २०१६मध्ये सोनीने काढलेल्या सर्वांत महाग वॉकमनची पेटीही सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच होती. वजन जवळजवळ अर्धा किलो आणि अमेरिकेतली किंमत तीन हजार डॉलरच्या वर. अवकाशातल्या तबकडीवर सोने आहे ते कोट्यवधी वर्षे गंजू नये म्हणून. खिशातल्या यंत्रावर ते कशासाठी आहे, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता ‘कापलेला’ या शब्दाकडे येतो. हॅरी नायक्विस्टने १९२८मध्ये तारयंत्राच्या संदर्भात आणि क्लॉड शॅननने १९४९मध्ये अधिक व्यापक रूपात जे मांडले, त्याचा अर्थ असा: एखाद्या ध्वनीतल्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मूळ लहर त्यांतून जशीच्या तशी परत काढता येते. जवळपास नव्हे, जशीच्या तशी. जाहिरातींत सीडीच्या ध्वनीचे चित्र जिन्याच्या पायऱ्यांसारखे काढतात आणि हाय-रेझचे गुळगुळीत रेषेसारखे. ते चित्र दिशाभूल करणारे आहे. शाळेत आपण शिकलो की एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले, तर त्यांतून जाणारे वर्तुळ एकच असते. चौथा बिंदू दिल्याने ते वर्तुळ अधिक गोल होत नाही. नमुन्यांचेही तसेच. वेग ४४,१०० वरून ९६,००० किंवा १,९२,००० केला, की ऐकू येणाऱ्या पट्ट्यातले काही सुधारत नाही. त्याच्या वरचा, बावीस हजारांपलीकडचा पट्टा नोंदला जातो. दुसरा आकडा बिटांचा. सीडीचे १६ बिट म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर. २४ बिट म्हणजे कागदावर १४४. लाखेच्या जुन्या तबकडीला चाळिसाच्या आसपास मिळाले तरी पुष्कळ.

म्हणजे वादाचा मुद्दा एवढाच उरतो: बावीस हजारांच्या वर जे आहे त्याचा ऐकणाऱ्याला काही उपयोग आहे का? २००७मध्ये बॉस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी याची सरळ परीक्षा घेतली. हाय-रेझ ध्वनी एकदा तसाच आणि एकदा मध्ये सीडीच्या दर्जाची चाळणी लावून ऐकवला. चाळणी कधी लावली ते ऐकणाऱ्याला सांगितले नाही. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. आवाज असह्य वाढवून शांत जागा ऐकवल्या तेव्हा मात्र फरक कळला, कारण तळातली सीडीची खरखर वर आली. २०१६मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. बरोबर उत्तरे ५२.३ टक्के, ज्यांना काय ऐकायचे याचे आधी प्रशिक्षण दिले होते त्यांची अधिक. तेव्हा फरक शून्य आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. पण शंभरात दोन-तीन जादा बरोबर उत्तरांसाठी पंचावन्न हजार, हा हिशेब माझ्या वाणिज्य शाखेच्या डोक्याला पटेना.

त्यात माझे वय. एका संध्याकाळी संगणकावर निरनिराळ्या कंपनसंख्यांचे सूर वाजवून मी स्वतःचे कान तपासत होतो. बारा हजारांच्या पुढे मला शांतता. मी सोळा हजारांवर नेऊन, आवाज वाढवून, काही येते का म्हणून डोळे मिटून बसलो होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, “बाबा, बंद करा ना ती शिट्टी! कधीची वाजतेय!” ज्या पट्ट्यासाठी जादा पैसे मोजायचे, त्याच्या दहा हजार हर्ट्झ खालीच माझे दार बंद झाले आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला नको होता.

मग अशी यंत्रे निर्माण का झाली? इथे इतिहास तंत्रापेक्षा बाजाराचा आहे. एमपी३ने १९९०च्या दशकात फाइल लहान केली ती ध्वनीचा काही भाग खरोखर टाकून. कानाला जो भाग दुसऱ्या आवाजाखाली झाकलेला वाटतो तो गाळायचा, हे तिचे तत्त्व. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून गाणे पाठवायचे तर दुसरा इलाजही नव्हता. २००१मध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि संगीत खिशात गेले. त्याच वर्षी काहीही न गाळता फाइल लहान करणारी फ्लॅक पद्धतही आली, पण तिची वाट पाहायला कोणी थांबले नाही. दहा वर्षांत फोनने आयपॉड गिळला. उरले ते चोखंदळ गिऱ्हाईक. त्याच्यासाठी २०१२मध्ये कोरियातून ॲस्टेल अँड कर्नचे पहिले यंत्र आले, मग सोनीची. २०१४मध्ये जपान ऑडिओ सोसायटीने ‘हाय-रेझ’चे बोधचिन्ह द्यायला सुरुवात केली; उपकरणाने चाळीस हजार हर्ट्झपर्यंत साथ द्यावी ही तिची एक अट. चाळीस हजार हर्ट्झ वटवाघळाला ऐकू येतात. त्याच वर्षी गायक नील यंगने ‘पोनो’ नावाचे तिकोनी यंत्र लोकवर्गणीतून काढले. साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली, देणारे अठरा हजारांच्या वर. काही वर्षांतच ते बंद पडले. २०२१मध्ये ॲपलने हाय-रेझ संगीत आपल्या मासिक वर्गणीतच, जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केल्यावर तर खास यंत्राचा एक आधारच गेला. हजार-दोन हजारांची एक छोटी तार फोनला जोडली की त्या फाइली वाजतात.

एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण मी ती तपासून पाहिली आहे. हाय-रेझ म्हणून विकत घेतलेल्या एका जुन्या मैफलीच्या फाइलचा वर्णपट मी संगणकावर काढला. लेबलवर ९६,०००, आत मात्र बावीस हजारांवर कडा कापल्यासारखी सपाट. सीडीचाच ध्वनी मोठ्या डब्यात भरला होता. हे तपासणारी संगणक प्रणाली फुकट मिळते.

तरीही मोह होताच, आणि त्याचे खरे कारण आकड्यांत नव्हते. या यंत्रावर फोन येत नाही, निरोप टुणकन वाजत नाहीत. ख्याल विलंबितात असताना कोणी विम्याची पॉलिसी विकत नाही. १९७९च्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय होती आणि एक नारिंगी बटण होते; ते दाबले की मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलता यायचे. एकट्याने ऐकणे उद्धटपणाचे दिसेल, अशी सोनीच्या अकिओ मोरितांना काळजी वाटली होती. चाळीसएक वर्षांत काळजी इतकी उलटली, की कोणी आपल्याशी बोलू नये यासाठी आपण पैसे मोजायला तयार झालो. या एका कारणासाठी कोणी असे यंत्र घेतले तर मी त्याला हसणार नाही. फक्त त्यासाठी पाच-सात हजारांचे साधे यंत्रही पुरते, आणि उरलेले पैसे चांगल्या, तारेच्या हेडफोनवर घालावेत. दोन हेडफोनमधला फरक माझ्या बाराहजारी कानांनाही पहिल्या मिनिटात कळतो.

निर्णय मात्र दुसऱ्याच गोष्टीने झाला. आमच्या गावात एक संगीत मंडळ होते. ते बंद पडल्यावर त्यांच्या मैफलींच्या एकेचाळीस स्पूल टेप माझ्याकडे आल्या आहेत. काटकसर म्हणून बहुतेक पावणेचार इंच वेगाने भरलेल्या. त्यात फार वरचे काही उतरलेलेच नाही. पण गंमत अशी, की २४ बिट आणि ९६,००० हे आकडे खरे उपयोगी पडतात ते इथे, ऐकताना नव्हे, उतरवताना. गवई केव्हा तारसप्तकात उसळेल हे टेप लावताना ठाऊक नसते, म्हणून पातळी बरीच खाली ठेवून नोंद करावी लागते. २४ बिटांमुळे ती खाली ठेवूनही बारीक आवाज खरखरीत बुडत नाही. मध्येच येणाऱ्या टकटकीची धार जादा वेगामुळे तीक्ष्ण राहते आणि नंतर ती नेमकी शोधून काढता येते. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही २४ बिट सांगितले आहेत, आणि वेग किमान ४८,०००, जमल्यास अधिक. मात्र या दोन्ही आकड्यांच्या आधी येतो टेपयंत्राच्या हेडचा कोन. तो केसभर तिरका असेल तर वरचे सूर तिथेच जातात, मग पुढे कितीही नमुने घ्या.

यंत्र मी घेतले नाही. रक्कम एका जुन्या स्पूल यंत्राच्या दुरुस्तीत, नव्या हेडमध्ये, ध्वनी संगणकात नेणाऱ्या पेटीत आणि दोन हार्ड डिस्कमध्ये गेली. दोन अशासाठी, की एक भावाच्या घरी राहते. एका टेपला पूर्ण संध्याकाळ लागते, कारण प्रत्येक टेपसाठी कोन नव्याने जुळवावा लागतो. आजवर एकोणीस झाल्या. उरलेल्या बावीसपैकी चारांच्या डब्यांतून व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला आहे. जुन्या ॲसिटेटच्या फिती विघटित होऊ लागल्या की असा वास सुटतो. दिवाळी झाली की त्या चार आधी लावायच्या आहेत.